पाम तेल, साबण आणि दोनशे वर्षं जुनं एक आश्वासन

आजचा विषय साबण.

बाथरूममधल्या कुठल्याही साबणाचं रॅपर उलटं करून बघा. मागे बारीक अक्षरांत 'टीएफएम ७६%' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि त्याच्या आसपास घटकांच्या यादीत 'सोडियम पामेट' आणि 'सोडियम पाम कर्नेलेट' ही जोडगोळी सापडते. फेसवॉश आणि मॉइश्चरायझरच्या बाटलीवर नावं बदलतात. सोडियम लॉरेथ सल्फेट, ग्लिसरिन, सेटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट वगैरे. यात पाम हा शब्द कुठेच नाही, पण बऱ्याचदा यांचंही मूळ त्याच एका झाडात असतं. ते झाड म्हणजे तेलताड.

हल्ली महागड्या क्रीमवर 'पाम-फ्री' किंवा 'एथिकली सोर्स्ड' असंही लिहिलेलं असतं. इंडोनेशियातली जळणारी जंगलं, ओरांगउटानचे फोटो, मग कंपन्यांची प्रतिज्ञापत्रं हे सगळं आपण गेल्या पंधरा-वीस वर्षांत बघितलंय, त्यामुळे ही भानगड नवीन आहे असं वाटतं. नाहीये. 'आमचं पाम तेल घ्या, जगाचं भलं होईल' ही जाहिरात पहिल्यांदा लंडनमध्ये झाली ती १८४०-५० च्या दशकांत! तेव्हापासून हे आश्वासन निदान चार वेळा, चार वेगवेगळ्या भाषांत दिलं गेलंय. प्रत्येक वेळी त्यात काही खरं होतं आणि प्रत्येक वेळी काहीतरी रॅपरच्या मागे राहिलं. ते काय, हे शोधायचा आजचा उद्योग.

आधी थोडी केमिस्ट्री, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चांगल्या साबणाला दोन गोष्टी लागतात. वडी कडक राहिली पाहिजे आणि फेस भरपूर आला पाहिजे. युरोपात कडकपणासाठी जनावरांची चरबी वापरायचे आणि फेसासाठी खोबरेल. साधारण चार भाग चरबी आणि एक भाग खोबरेल हा जुना फॉर्म्युला. तेलताडाची गंमत अशी की त्याच्या एकाच फळातून दोन वेगळी तेलं निघतात. बाहेरच्या गराच्या तेलात पामिटिक आम्ल भरपूर, ते चरबीसारखं वागतं. आतल्या बीच्या मगजाच्या तेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं, ते खोबरेलासारखं वागतं. म्हणजे साबणवाल्याला लागणाऱ्या दोन्ही वस्तू एकाच झाडावर! वर हेक्टरी उत्पन्न तीन-चार टन. सोयाबीनचं तेल हेक्टरी अर्धा टनही निघत नाही, नारळाचं एक टनाच्या आत. इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर या झाडाच्या प्रेमात पडायला हरकत नाही. दोनशे वर्षांत बरेच लोक पडलेही.

आता गोष्ट.

तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. तिथे तो मळ्यात लावत नसत. जंगल साफ करून शेती करताना लोक ही झाडं राखून ठेवायचे, त्यामुळे गावांभोवती त्यांच्या आपसूक राया तयार झाल्या. पुरुष झाडावर चढून घड उतरवायचे आणि बायका फळं उकडून, कुटून तेल काढायच्या. लालभडक तेल, स्वयंपाकाचं. हजारो वर्षांचा हा व्यवहार, आणि त्यासाठी कोणी जंगल जाळल्याचं ऐकिवात नाही.

१८०७ साली ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. लिव्हरपूलच्या ज्या व्यापाऱ्यांची गलबतं नायजर नदीच्या मुखाशी माणसं भरायला जायची, त्यांना दुसरा माल हवा होता. तोच किनारा, तेच दलाल, तीच गलबतं, फक्त आता पिंपांत पाम तेल. इंग्लंडात कारखाने उभे राहत होते, यंत्रांना वंगण हवं होतं, मेणबत्त्या हव्या होत्या आणि कोळशाच्या काजळीत राहणाऱ्या माणसांना साबण हवा होता. १८३० च्या सुमारास ब्रिटनची आयात वर्षाला दहा हजार टनांच्या वर गेली, आणि शतकाच्या मध्याला ती त्याच्या दुपटीच्या आसपास होती. नायजरच्या त्या खाड्यांना इंग्रज चक्क 'ऑइल रिव्हर्स' म्हणायला लागले.

इथे येतं पहिलं आश्वासन. लंडनची 'प्राइसेस पेटंट कॅन्डल कंपनी' पाम तेलापासून मेणबत्त्या करायची. गुलामगिरीविरोधी चळवळ तेव्हा मध्यमवर्गात जोरात होती, आणि कंपनीचा युक्तिवाद असा, की आफ्रिकेतल्या राजांना माणसं विकण्यापेक्षा तेल विकणं जास्त फायद्याचं झालं तर गुलामांचा व्यापार आपोआप मरेल. म्हणून आमची मेणबत्ती लावा आणि पुण्य मिळवा. याच कंपनीने १८५० च्या दशकात पाम तेलापासून शुद्ध, ऊर्ध्वपातित ग्लिसरिन काढलं. आज आपल्या प्रत्येक मॉइश्चरायझरमध्ये जे असतं तेच. म्हणजे 'एथिकल' लेबल आणि त्वचेचं ग्लिसरिन या दोन गोष्टी एकाच कारखान्यात वाढल्या म्हणायला हरकत नाही.

युक्तिवाद चुकीचा होता का? अर्धा बरोबर होता. तेलामुळे किनाऱ्याला दुसरं उत्पन्न मिळालं हे खरं. पण तेल काढायचं काम प्रचंड कष्टाचं. फळं तोडणार कोण, कुटणार कोण, पिंपं वाहून खाडीपर्यंत आणणार कोण? दाहोमेच्या राज्यात घेझो राजाच्या काळात पामच्या मळ्यांवर गुलामच राबत होते. समुद्रापार जाणारा गुलाम आता किनाऱ्यावरच थांबला आणि त्याने काढलेलं तेल समुद्रापार गेलं. लंडनमध्ये मेणबत्ती लावणाऱ्याला हे दिसायची सोयच नव्हती.

याच किनाऱ्यावर जाजा नावाचा एक माणूस होऊन गेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. बॉनी बंदरातल्या एका व्यापारी घराण्यात वर चढत चढत तो त्या घराण्याचा प्रमुख झाला, आणि १८६९ साली त्याने ओपोबो नावाचं स्वतःचं राज्य काढलं. आतल्या तेलबाजारांवर त्याचा ताबा. इंग्रज व्यापाऱ्यांना तो परस्पर आत जाऊ देईना, आणि मधल्यांना टाळून थेट ब्रिटनला तेल पाठवायचाही त्याने प्रयत्न केला. म्हणजे आज ज्याला आपण 'उत्पादकाला योग्य भाव' म्हणतो, तेच तो मागत होता. १८८७ साली ब्रिटिश कॉन्सल हॅरी जॉन्स्टनने त्याला बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि तिथून थेट अटकेत नेलं. वेस्ट इंडीजमधल्या सेंट व्हिन्सेंटला हद्दपारी झाली. १८९१ साली परत यायची परवानगी मिळाली, पण घरी पोचण्याआधी वाटेतच तो वारला. 'मुक्त व्यापार' या शब्दाचा हा एक अर्थ!

आता दुसरं आश्वासन, आणि त्याचा नायक विल्यम लिव्हर.

हा लँकशायरमधल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. तोपर्यंत साबण दुकानात लांब लादीतून कापून, वजनावर मिळायचा. याने १८८४ साली 'सनलाइट' हे नाव नोंदवलं, आणि मग वड्या पाडून, कागदात गुंडाळून, जाहिरात करून साबण विकला. त्याच्या साबणात चरबी कमी आणि खोबरेल किंवा पामच्या मगजाचं तेल जास्त, त्यामुळे फेस छान यायचा. कामगारांसाठी त्याने १८८८ पासून 'पोर्ट सनलाइट' नावाचं टुमदार गाव वसवलं. बागा, शाळा, दवाखाना, कलादालन, सगळं. योगायोग असा की त्याच १८८८ साली 'मेड इन इंग्लंड' असं छापलेली सनलाइटची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. आपला आणि या कंपनीचा संबंध तेव्हापासूनचा. पुढे १९३४ साली मुंबईत शिवडीला त्यांचा साबण तयार व्हायला लागला. (अमेरिकेतही हेच चाललं होतं. १८९८ साली मिलवॉकीच्या एका कंपनीने पाम आणि ऑलिव्ह तेलाचा साबण काढला आणि त्याचं नाव सरळ 'पामऑलिव्ह' ठेवलं.)

साबण इतका खपला की लिव्हरला तेल कमी पडायला लागलं. त्याने आधी नायजेरियासारख्या ब्रिटिश वसाहतींत मोठे मळे करायला जमीन मागितली. तिथल्या सरकारने नकार दिला. जमीन गावकऱ्यांची आहे, तेल तेच काढतील, तुम्ही विकत घ्या, असं त्यांचं धोरण. (त्यात परोपकार किती आणि बंडाची भीती किती हा वेगळा विषय.) मग लिव्हर वळला बेल्जियमच्या काँगोकडे. राजा लिओपोल्डच्या रबराच्या अत्याचारांमुळे काँगोचं नाव जगभर बदनाम झालेलं होतं. बेल्जियमला अब्रू परत मिळवायची होती आणि आदर्श गाव वसवणारा साबणवाला हा त्यासाठी उत्तम माणूस होता.

१९११ साली करार झाला. प्रत्येकी ६० किलोमीटर त्रिज्येची पाच वर्तुळं नकाशावर काढली आणि त्यांतून एकूण साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन निवडायचा हक्क लिव्हरच्या कंपनीला मिळाला. बदल्यात कंपनी शाळा बांधणार, दवाखाने बांधणार, ठरलेलं किमान वेतन देणार. हे सगळं करारात लिहिलेलं होतं बरं का. आजच्या कुठल्याही 'रिस्पॉन्सिबल सोर्सिंग पॉलिसी'च्या पीडीएफला लाजवेल असा दस्तऐवज.

प्रत्यक्षात काय झालं? त्या वर्तुळांमधल्या लोकांना आपल्याच झाडांची फळं दुसऱ्या कोणाला विकता येईनात. भाव कंपनी ठरवणार. सरकारला कर हवा तो पैशांत, आणि पैसे मिळवायचा रस्ता एकच, कंपनीसाठी झाडावर चढणं. जे तरीही तयार होईनात त्यांना गोळा करायला सरकारी अधिकारी आणि शिपाई मदतीला होतेच. जुल्स मार्शाल या निवृत्त बेल्जियन राजदूताने पुढे जुनी सरकारी कागदपत्रं चाळून यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. 'लॉर्ड लिव्हरह्यूम्स गोस्ट्स' हे त्याच्या इंग्रजी भाषांतराचं नाव. त्यातला पुरावा अधिकाऱ्यांच्याच अहवालांमधला आहे. म्हणजे माहिती होती. फक्त ती फायलीत होती, रॅपरवर नव्हती.

मग आली जागतिक मंदी. फळांचा भाव पडला, कर मात्र तेवढाच. १९३१ साली क्विलू भागातल्या पेंडे लोकांनी बंड केलं. एक बेल्जियन अधिकारी मारला गेला. ते बंड मोडताना ५०० च्या वर पेंडे लोक मारले गेले. त्याआधी दोनच वर्षं, १९२९ च्या अखेरीस, आग्नेय नायजेरियात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पाम तेलाचे भाव कोसळलेले आणि त्यात आता बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरलेली. सैनिकांच्या गोळीबारात ५० च्या वर बायका मेल्या. इतिहासात त्याला 'विमेन्स वॉर' म्हणतात.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक फरक दिसतो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. नायजेरियातही अन्याय झालाच, पण जमीन लोकांकडे राहिली. तेलाचा भाव आवडला नाही तर तेल न विकण्याचा पर्याय निदान शिल्लक होता. काँगोत जमीन गेली आणि 'नाही' म्हणायचा हक्कही गेला. शाळा-दवाखान्यांची कलमं एवढी सुंदर असूनही. झाड दोन्हीकडे तेच.

तिसरा अंक आशियातला. १८४८ साली जावा बेटावर बोगोरच्या (तेव्हाचं ब्यूटेनझॉर्ख) वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपं आली. चार! बरीच वर्षं तो शोभेचं झाड म्हणूनच ओळखला गेला. १९११ मध्ये आद्रियाँ हाले या बेल्जियन माणसाने सुमात्रात व्यापारी मळे सुरू केले. १९१७ मध्ये मलायातल्या सेलांगोरमध्ये आँरी फोकोनिए या फ्रेंच माणसाने पहिला व्यापारी मळा लावला. (हा पुढे कादंबरीकार झाला आणि १९३० चा गाँकूर पुरस्कार त्याला मिळाला.) इथे राया वगैरे नाहीत. जंगल सपाट करायचं आणि ओळीत झाडं लावायची. मजूर बाहेरून आणायचे, सुमात्रात जावा बेटावरचे, मलायात आपल्याकडचे तमिळ.

मळे एवढे प्रचंड का, यालाही एक साधं तांत्रिक कारण आहे. तेलताडाचा घड तोडला की एक-दोन दिवसांत गिरणीत जावा लागतो, नाहीतर तेल खराब होतं. म्हणून गिरणी मळ्यातच हवी. गिरणी परवडायची तर आजूबाजूला हजारो हेक्टर झाडं हवीत. लहान शेतकऱ्याला जवळच्या गिरणीशिवाय गिऱ्हाईक नाही. ऊसवाल्यांना आणि साखर कारखान्यांना ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

१९५६ साली मलायात 'फेल्डा' ही सरकारी संस्था निघाली. भूमिहीन कुटुंबांना सुमारे दहा एकर जमीन द्यायची, आधी रबर आणि मग पाम लावायचा. हे तिसरं आश्वासन, गरिबी हटवायचं. आणि ते बऱ्याच अंशी पाळलंही गेलं. लाखभर कुटुंबं त्यातून वर आली. हे मान्य न करता नुसतं 'पाम तेल वाईट' म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक बारकासा भुंगा आणून मलेशियाच्या मळ्यांत सोडला. तोवर परागीकरण माणसं हाताने करायची, ते काम भुंगा करायला लागला. रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाच्या संशोधनातून हे आलं. उत्पन्न वाढलं, मजुरी वाचली आणि तेल आणखी स्वस्त झालं.

स्वस्त झाल्यावर मागणी वाढली, आणि त्यात आपलाही हात आहे. १९८३ साली भारतात वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचं प्रकरण उघडकीला आलं. देशभर गदारोळ झाला आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. ती आयात मुळात व्हायची साबणासाठी. साबणवाल्यांना पर्याय शोधावा लागला आणि चरबीची जागा घेणारा सगळ्यात सोपा पर्याय कुठला, हे आपण वर बघितलंच. म्हणजे शाकाहारी साबण हीसुद्धा एक नैतिक मागणीच होती, अगदी मनापासूनची. तिची किंमत कुठल्या जंगलाने मोजली, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात आला असेल असं वाटत नाही. यायचं कारणही नव्हतं.

जंगलाने मात्र ती मोजली. सुमात्रा आणि बोर्निओत आधी लाकूडवाले शिरले आणि त्यांच्यामागून पाम आला. यातली पुष्कळ जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, पाण्याने भिजलेली. चर खणून तिचं पाणी काढलं की ती वाळते, कार्बन सोडत राहते आणि एकदा पेटली की जमिनीच्या खालून धुमसते. पाऊस पडेपर्यंत विझत नाही. १९९७-९८ च्या आगींचा धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत गेला. २०१५ साली पुन्हा तेच. त्या एका वर्षात २६ लाख हेक्टर जळाल्याचा आणि १६ अब्ज डॉलरचं नुकसान झाल्याचा जागतिक बँकेचा अंदाज आहे. सगळ्या आगी पामच्या नव्हत्या, कागदासाठीच्या लागवडी आणि सरकारच्या फसलेल्या भातशेतीच्या योजनाही त्यात होत्या. पण पामचा वाटा मोठा. बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाच्या वर ओरांगउटान कमी झाले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

आणि आता चौथं आश्वासन, आपल्या पिढीचं. २००४ साली 'आरएसपीओ' ही संस्था स्थापन झाली. तेल कंपन्या, मळेवाले, युनिलिव्हरसारखे ब्रँड आणि डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या संस्था एकत्र येऊन नियम ठरवणार आणि प्रमाणपत्र देणार. २००८ मध्ये ग्रीनपीसने 'डव्ह' साबणाच्या जाहिरातीचं विडंबन करून युनिलिव्हरला कोंडीत पकडलं, आणि कंपनीने २०१५ पर्यंत सगळं पाम तेल प्रमाणित घेण्याची घोषणा केली. २०१२ मध्येच आमचं लक्ष्य पूर्ण झालं, असं तिने जाहीरही केलं.

कसं झालं बुवा एवढ्या लवकर? इथे आपल्यातल्या इंजिनिअरने कान टवकारायला हवेत. प्रमाणित तेल विकायचे वेगवेगळे प्रकार आहेत. एकात प्रमाणित तेल टाकीपासून टाकीपर्यंत वेगळं ठेवतात. दुसरा 'मास बॅलन्स'. यात प्रमाणित आणि साधं तेल एकाच टाकीत मिसळतात, पण जेवढं प्रमाणित आत गेलं तेवढंच प्रमाणित म्हणून बाहेर विकता येतं. बँकेसारखंच. तुम्ही भरलेली नोट तुम्हाला परत मिळत नाही, पण खात्याचा हिशोब जुळतो. तिसरा प्रकार क्रेडिट्सचा. यात तेलाचा संबंधच नाही. बाजारातून कुठलंही तेल घ्या आणि कुठल्यातरी प्रमाणित मळ्याला पैसे देऊन तेवढ्या टनांचं सर्टिफिकेट घ्या. २०१२ चं लक्ष्य मुख्यतः अशा सर्टिफिकेटांवर गाठलेलं होतं.

ही लबाडी आहे का? नाही, त्यामागे कारण आहे. स्किनकेअरमध्ये तेल क्वचितच तेल म्हणून येतं. मगज एका गिरणीतून, तेल दुसऱ्या घाणीतून, त्याची आम्लं तिसऱ्या कारखान्यात, त्यांची अल्कोहोलं चौथ्यात, त्यांचा फेस करणारा पदार्थ पाचव्यात, आणि मग तुमचा फेसवॉश. आपल्या भाषेत सांगायचं तर ही ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजेचं भोक सापडलं तेव्हा कितीतरी कंपन्यांना आपण ते वापरतो हेच माहीत नव्हतं, आठवतंय? इथे तर बिल्ड फाइलसुद्धा नाही. त्यामुळे मास बॅलन्स ही या धंद्यातली व्यवहार्य पायरी आहे. फक्त ती पायरी आहे, मुक्काम नव्हे, हे ग्राहकाला सांगितलं पाहिजे. आरएसपीओच्या चिन्हाखाली 'मिक्स्ड' लिहिलेलं असेल तर ते मास बॅलन्स, आणि 'क्रेडिट्स' लिहिलेलं असेल तर नुसती सर्टिफिकेटं.

दबावाने काहीच होत नाही असंही नाही. २०११ मध्ये इंडोनेशियाने नवीन जंगल आणि पीटच्या परवान्यांना स्थगिती दिली. २०१३ मध्ये विल्मार या सगळ्यात मोठ्या व्यापारी कंपनीने जंगलतोड आणि पीटविरोधी धोरण जाहीर केलं. २०१८ मध्ये युनिलिव्हरने आपल्या गिरण्यांची यादीच जाहीर करून टाकली. त्यानंतरच्या वर्षांत पामसाठीची इंडोनेशियातली जंगलतोड आधीच्या शिखरापेक्षा बरीच खाली आली. यात तेलाचे पडलेले भावही कारणीभूत होते, पण धोरणांचा वाटा नाकारता येत नाही.

पण माणसांचं काय? २०२० साली अमेरिकेच्या कस्टम्सने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून मलेशियाच्या एफजीव्ही आणि सिमे डार्बी या दोन कंपन्यांचं पाम तेल अडवलं. दोन्ही आरएसपीओच्या सदस्य. आणि एफजीव्ही म्हणजे कोण? भूमिहीनांना जमीन देणाऱ्या त्याच फेल्डामधून निघालेली कंपनी. साठ वर्षांत वर्तुळ पूर्ण. जमीन मिळालेल्यांची मुलं शहरात गेली, आणि झाडाखाली आता इंडोनेशिया, बांगलादेश आणि भारतातून आलेला स्थलांतरित मजूर उभा होता.

आता तुम्ही म्हणाल, मग पाम-फ्री घेतो ना, विषय संपला. संपत नाही. जगाच्या वनस्पती तेलापैकी एक तृतीयांशाहून जास्त पाम देतो, आणि तेही तेलबियांच्या एकूण जमिनीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी जागेत. तेवढंच तेल सोयाबीन किंवा नारळातून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि नारळही वाढतो तो उष्ण कटिबंधातच. आमच्या कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमाचं तेल लावतात. पांढरा घट्ट गोळा, किंचित कोमट करून चोळायचा. उत्तम वस्तू आहे, जरूर वापरा. पण अब्जावधी साबणाच्या वड्या त्यातून निघणार नाहीत.

आणि खरा मोठा ग्राहक आपण आहोत. भारत हा जगातला सगळ्यात मोठा पाम तेल आयातदार. वर्षाला ७५ ते ९५ लाख टन, त्यातलं बहुतेक फरसाण, बिस्किटं आणि हॉटेलांच्या कढईत जातं. युरोप प्रमाणपत्र मागतो, आपण भाव विचारतो. भाव विचारणं गुन्हा नाही, गरीब घराला स्वस्त तेल लागतंच. पण मागणारं कोणी नसेल तर चांगलं तेल युरोपला आणि उरलेलं आपल्याला, अशी वाटणी होते आणि एकूण जंगलाला काडीचा फरक पडत नाही. शिवाय २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटींची योजना जाहीर करून देशातच, मुख्यतः ईशान्य भारत आणि अंदमानात, तेलताड वाढवायचं ठरवलं. म्हणजे हा इतिहास आता आपल्या अंगणात आलाय. मिझोराममधल्या शेतकऱ्यालाही गिरणी जवळ आहे की नाही, आणि एकच गिऱ्हाईक असताना भाव कोण ठरवणार, हेच प्रश्न पडतात. ओपोबोच्या जाजाला पडले होते तेच.

दोनशे वर्षांची ही फाइल चाळून मला तीन प्रश्न हाताशी लागले. लेबल कितीही हिरवं असलं तरी ते विचारायचे. पहिला, जमीन आधी कोणाची होती आणि तिला 'नाही' म्हणता आलं असतं का? दुसरा, झाडाखालच्या माणसाला दिवसाचे किती मिळतात, आणि त्याला ते काम सोडून जाता येतं का? आणि तिसरा, तपासणाऱ्याचा पगार कोण देतो? १९११ च्या करारात सगळं लिहिलेलं होतं, फक्त ते तपासायला लिव्हर आणि सरकार यांच्याबाहेरचं कोणी नव्हतं. आजही प्रमाणपत्राच्या ऑडिटरचे पैसे बहुतेक वेळा ज्याचं ऑडिट व्हायचं ती कंपनीच देते. आपला कोड आपणच टेस्ट करून आपणच साइन-ऑफ देण्याइतकं वाईट नसेल, पण फार लांबही नाही :-)

तुमच्या आवडत्या ब्रँडला एक ईमेल टाकून बघा. आरएसपीओ आहे का हे विचारू नका, त्याचं छापील उत्तर तयार असतं. तुमच्या गिरण्यांची यादी कुठे आहे, एवढंच विचारा. कोण उत्तर देतं आणि कोण देत नाही, यातून बरंच कळतं.

असो. आंघोळीला उशीर होतोय.